चौदा नंबरची परात

मंडळी, या पेजवरचे भुताखेताचे अनुभव मी आजवर फक्त ऐकत आलोय. आमच्या सौ. — सुमन — दुपारच्या चहाला मोबाइल घेऊन बसतात, एकेक अनुभव मोठ्यानं वाचतात, आणि प्रत्येकाच्या शेवटी मी विचारतो, "साक्षीदार कोण? लेखी काय?" फौजेत बावीस वर्षं स्टोअर सांभाळलंय मी, हवालदार म्हणून घरी आलो. आमच्या धंद्यात ज्या वस्तूला नंबर नाही ती वस्तूच नाही. भुताला नंबर नसतो, करणीला नसतो... म्हणून त्या खात्याशी माझा कधी संबंध आला नाही. आज लिहितोय ते सुमनच्या आग्रहाखातर, आणि साक्षीदार आहेत म्हणून.

जागा सांगतो. उंब्रजच्या बाहेर, हायवे ओलांडला की आमची कॉलनी. नाव देत नाही, ओळखणारे ओळखतील. साठ-सत्तर घरं. निम्मे माझ्यासारखे पेन्शनवाले, बाकी नोकरीवाली जोडपी आणि त्यांची शाळकरी पोरं. मधोमध समाजमंदिर — पुढं हॉल, मागं स्वयंपाकघर, त्याला लागून भांड्यांची खोली. सकाळी म्हाताऱ्यांची योगासनं, दुपारी बायकांचं भजन, संध्याकाळी पोरांची अभ्यासिका, मधेच कुणाचं बारसं नाहीतर साखरपुडा. म्हाताऱ्यांना पंखा नको, जोडप्यांना पाचवर पाहिजे. टाळांचा पोरांना त्रास, पोरांच्या कॅरमचा म्हाताऱ्यांना. मी रिटायर होऊन आलो तेव्हा सगळ्यांनी एकमतानं व्यवस्था माझ्या गळ्यात घातली. त्यानंतर या कॉलनीत कशावर एकमत झाल्याचं मला आठवत नाही.

मी आल्या आल्या भांड्यांची खोली ताब्यात घेतली. आमच्याकडं पद्धत अशी, की घरातलं माणूस गेलं की वर्षश्राद्धाला त्याच्या स्मरणार्थ समाजमंदिराला भांडं द्यायचं, त्यावर नाव घालून. त्यामुळं खोलीत पातेली, घागरी, पराती भरपूर, आणि शिस्त शून्य. मी प्रत्येक भांडं पालथं करून बुडाला लाल ऑइल पेंटनं नंबर टाकला, वही केली, मांडणीवर तेच नंबर लिहिले. खोलीला एक दार, एक जाळीची खिडकी, एक कुलूप. चावी माझ्या करदोट्याला. दुसरी चावी होती ती मी स्वतः पक्कडीनं वाकडी करून भंगारात दिली. अंघोळीलाही चावी निघत नाही, हे सुमन तुम्हाला सांगेल.

आता मंगल. मंगल आमच्याच कॉलनीच्या शेवटच्या आळीत राहते, पन्नाशीच्या आसपासची, नवरा नाही, एक मुलगी शिकायला कराडला. समाजमंदिरातल्या कार्यांचा स्वयंपाक मंगलचा. तिच्या हातची भाकरी खाल्लेली माणसं पुढच्या कार्याला तारीख आधी मंगलची धरतात आणि मग भटजीची. तिचं घर त्याच कामावर चालतं. चौदा नंबरची पितळी परात तिनंच दिलेली — सासू गेली तेव्हा. परातीवर नाव आहे, 'कै. हिराबाई यांचे स्मरणार्थ, मंगल'. नाव घालताना कारागिराचं मशीन घसरलं आणि शेवटच्या अक्षरापासून काठापर्यंत एक वाकडी रेघ गेली. त्या परातीशिवाय मंगल दुसऱ्या कशात पीठ मळायची नाही.

तर मागच्या उन्हाळ्यात कॉलनीतल्या एका घरचं बारसं झालं. लेक कुंडलला दिलेली, बाळंतपण माहेरी, म्हणून बारसं इथं. सासरची मंडळी दोन गाड्या भरून आली. जेवणं झाली, लोक पांगले, संध्याकाळी मी मोजदाद केली. चौदा नंबर नाही. स्वयंपाकघर बघितलं, हॉल बघितला, मोरीमागं बघितलं. नाही. ज्यांचं कार्य त्यांना विचारलं. ते म्हणाले, आमच्या घरात तर नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, तर चौघांनी अंगठा दाखवला आणि एकानं सुप्रभात.

चार दिवसांनी कमिटीची मीटिंग होती. त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्या वहीत एक चमचा कमी नाही, आणि इथं पाच किलोची परात गायब! अध्यक्ष म्हणाले, "जाऊ द्या हवालदार, मिळंल." मी उसळून म्हणालो, "मिळंल कशी? परातीला पाय फुटत न्हाईत. ज्यांनी दिली त्यांनीच परत नेली आसंल."

मंगल मागं बायकांत बसली होती. मला ती दिसत होती. हे मी लपवणार नाही — ती तिथं बसलीय हे बघूनच मी बोललो. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, कोपऱ्यातलं आपलं लाटणं आणि उलथनं पदराखाली घेतलं आणि मागच्या दारानं निघून गेली. तोंडातनं गेलेलं परत घेता येत नाही हे मला त्याच मिनिटाला कळलं होतं, पण मान खाली घालायची सवय नव्हती.

पुढच्या तीन आठवड्यांत एक साखरपुडा आणि एक साठी झाली, दोन्हींना स्वयंपाकी बाहेरून आणले. समाजमंदिराच्या चुली पेटल्याच नाहीत, जेवण तयार होऊन टेम्पोनं आलं. कॉलनीतल्या घरगुती कामालाही तिला कुणी बोलवेना. कुणी उघड काही म्हणत नव्हतं, पण घरात भांडी असतात ना प्रत्येकाच्या! सुमन मला म्हणाली, "आवं, तुमी एका वाक्यात तिच्या चुलीवर पाणी वतलं." त्या दिवसापासून ती माझ्या ताटात भाकरी आपटून वाढू लागली.

आता मुख्य प्रसंग. गुरुवार होता, दुपारचे तीन. हॉलमध्ये भजनी मंडळाच्या दहा-बारा बायका बसलेल्या. मी महिन्याच्या मोजणीसाठी भांड्यांची खोली उघडली. तीन आठवड्यांत ती चार-पाचदा उघडली होती, ग्लास-ताटं काढायला, प्रत्येक वेळी मीच. आणि प्रत्येक वेळी चौदा नंबरची मोकळी जागा मला दाताच्या खिंडीसारखी दिसायची.

त्या दिवशी जागा मोकळी नव्हती. परात तिथं होती.

मी ती काढली, खिडकीपाशी नेली. हिराबाईंचं नाव. काठापर्यंत गेलेली वाकडी रेघ. पालथी केली — लाल चौदा, माझ्या हातचा. चारच्या शेपटाला रंगाचा ओघळ, तोही माझाच. काठाला आतून थोडं पीठ चिकटलेलं. हात लावला तर ओलसर.

भीती वगैरे काही वाटली नाही, खरं सांगतो. मला वाटलं, आपलीच नजर चुकली, परात इथंच होती. पिठाचं काय, असं मनात आलं, पण ते मी बाजूला सारलं, कारण त्याहून मोठं ओझं डोक्यावर येऊन पडलं होतं. मी पालथ्या बादलीवर बसलो. एका बाईला भरसभेत चोर ठरवलं आणि परात माझ्याच मांडणीवर! परात जागेवर ठेवली, कुलूप लावलं आणि तसाच मंगलच्या घरी निघालो.

मंगल दारात शेंगा निवडत होती. मला बघून उठली नाही, बसा म्हणाली नाही. मी चप्पल काढली आणि बोलायला तोंड उघडलं तोच तिच्या मोरीच्या कट्ट्याकडं नजर गेली. तिथं धुऊन भिंतीला टेकवलेली परात. पितळी. काठापर्यंत वाकडी रेघ.

मी जाऊन ती पालथी केली. लाल चौदा. चारच्या शेपटाला ओघळ.

"आत्ता समाजमंदिरात आलीवतीस का?" मी विचारलं.

"मी त्या दारात पाय ठिवायची न्हाई, आप्पा."

"मग ही?"

"ही सकाळी आली. कुंडलवरनं." ती शेंगा निवडतच बोलत होती. "बारशाची उरलेली बुंदी ह्यात घालून, फडकं बांधून त्यांच्या गाडीत दिली घरच्या बायकांनी. त्यास्नी वाटलं, परात कुंडलचीच हाय. तिकडं पावण्यांनी आज-उद्या करत ठिवली. आज त्यांच्यातलं कुणी कराडला दवाखान्यात चाललंवतं, त्येंच्या हाती वाट वाकडी करून धाडली. वर माझं नाव, म्हणून माझं घर इचारत आली माणसं. रिकामी कशी द्यायची, म्हणून ह्या शेंगा घातल्या. आता घिऊन जावा तुमची परात, आणि लिवा तुमच्या वहीत."

बघा, सगळा उलगडा झाला होता. चोरी नाही, कुणाचा दोष नाही, उरलेल्या बुंदीमुळं झालेला घोळ. एखादा शहाणा तिथंच माफी मागून परात उचलून घरी आला असता. पण मी नुकताच दुसरी चौदा नंबर कुलपात ठेवून आलो होतो.

"मंगल, एकदा चल माझ्याबरोबर," मी म्हणालो. "माझ्यासाठी नको. माझं डोकं ठिकाणावर हाय का न्हाई तेवढं बघायला चल."

तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. परात मीच डोक्यावर घेतली. आयुष्यात पहिल्यांदा डोक्यावर परात घेऊन हवालदार कॉलनीतून चालला होता. भजन सोडून बायका खिडकीत आल्या. मी सगळ्यांसमोर करदोट्याची चावी लावली, दार उघडलं.

मांडणीवर चौदा नंबरच्या जागी परात होती. डोक्यावरनं उतरवलेली दुसरी हातात. दोन्ही खिडकीखाली शेजारी ठेवल्या. बायका गोळा झाल्या. तीच रेघ, तेवढीच लांब, शेवटी तसंच डावीकडं वळलेली. उजव्या काठाला नखाएवढा पोचा, दोन्हींना. एक आजी "रामा रामा" करत बाहेर गेल्या, बाकीच्या पुढं सरकल्या. मंगल खाली बसली. दोन्ही परातींवर एकेक हात ठेवला. मग मांडणीवरल्या परातीच्या काठाचं पीठ नखानं काढून बोटांत चोळलं, वास घेतला.

"शाळूचं हाय," ती म्हणाली. "आजचंच मळलेलं."

समाजमंदिराच्या चुलीला तीन आठवडे काडी लागली नव्हती. आणि तो वास घेतल्यावर मंगल, देवाशपथ सांगतो, हसली. सासूचं नाव काढून म्हणाली, "आत्याबाई माझ्या कवा कुणाला एक भाकरी वाढायच्या न्हाईत. येकटी काय खायची म्हणून दोन टाकायच्या ताटात." बायका हसल्या. मला हसू आलं नाही.

स्टोअरवाल्याची अडचण सांगतो. वस्तू कमी भरली तर त्याला रस्ता आहे — चौकशी, भरपाई, नोंद. वस्तू जादा भरली की साहेब जास्त भडकतो. कमी म्हणजे हरवली. जादा म्हणजे कुठून आली ते सांग! आणि मला सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही पराती पोत्यात घालून मी कराडला गेलो, जिथं मंगलनं नाव घालून घेतलं होतं त्या दुकानात. नाव घालणारे कारागीर बाबूराव, वय झालेलं, जाड भिंगाचा चष्मा. त्यांना ती परात आठवत होती. मशीन घसरलं तेव्हा मंगल त्यांच्यावर चांगलीच तापली होती म्हणे. त्यांनी एक बघितली, "ही माझीच," म्हणाले. दुसरी बघितली. मग चष्मा पुसला, पुन्हा पहिली घेतली. रेघेवरून नख फिरवलं, आधी एकीच्या, मग दुसरीच्या.

"हवालदार, मी एकच नाव दहा भांड्यांवर घालतो, पण दहा वेळा ते येगळं येतं. आणि घसरलेलं मशीन पुन्ना तसंच घसरवायचं म्हटलं तर माझ्या बापालाही जमणार न्हाई."

काट्यावर ठेवल्या. दोन्हींचा आकडा ग्रामपर्यंत एकच. मी म्हणालो, एक इथं ठेवून घ्या, नीट तपासा. त्यांनी पटकन होकार दिला, दोन्ही पराती पुन्हा एकदा बघितल्या, आणि म्हणाले, "नगं. दोनी घिऊन जावा. आणि चहा पिऊन जावा."

मी फोटो काढले होते, ते ग्रुपवर टाकले. एकाच्या पोरानं लिहिलं, काका, तुम्ही एकाच परातीचे दोन फोटो टाकलेत. दोन्ही एका फोटोत टाकल्या, तर म्हणाला, एडिट केलंय. योगासनवाल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, पूर्वी नदीच्या डोहाला सांगून आलं की लग्नाला भांडी वर यायची. ती गोष्ट मीही लहानपणी ऐकलीय. पण त्या गोष्टीत भांडी मागावी लागायची. मी कुणाकडं काही मागितलं नव्हतं.

इथवर मला नुसतं कुतूहल होतं. मी दिवसातून दोनदा खोली उघडून बघायचो, तिसरी आली का म्हणून. पण आठवड्याभरात कॉलनीत तिसरी परात आली नाही, तिसरी गोष्ट आली. मंगलनं चोरी उघडी पडू नये म्हणून तशीच दुसरी परात करून आणली, असं लोक बोलायला लागले. कुंडलची गोष्ट रचलेली, पावणे सांगितलेलं बोलणारच! म्हणजे ज्या परातीनं ती सुटायला हवी होती तिनंच तिला आणखी अडकवलं. एका घरनं पुढच्या महिन्याचं ठरलेलं कामही काढून घेतलं. सुमननं हे सांगितलं तेव्हा ती रडत होती.

मग मी रविवारी सकाळी दहाला सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. म्हातारे, जोडपी, पोरं, झाडून सगळे आले, कारण फुकटचा तमाशा कोण सोडतो! दोन्ही पराती टेबलावर ठेवल्या आणि उभा राहिलो.

"मंगलनं परात चोरली आसं मी बोललो," मी म्हणालो. "ते खोटं होतं. परात कुंडलला गेलीवती, ही ती. आणि ही दुसरी गुरुवारी बंद खोलीत सापडली. खोलीची चावी एक, ती माझ्या कमरंला. दोन्हींच्या बुडाला नंबर माझ्या हातचा, आणि मी तो एकदाच टाकलाय. म्हंजी ही मंगलनं ठेवणं शक्य न्हाई. एकतर मी ठेवली, न्हाईतर कुणीच ठेवली न्हाई. संशय घ्यायचा तर माझा घ्या."

मागून एक जण म्हणाला, "हवालदार, मिल्ट्रीची रम किती घेतलीवती त्या दिवशी?" हॉलभर हशा फुटला. पोरं बाकं वाजवायला लागली. अध्यक्षसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसत होते. वीस वर्षांचा पोरगा मला विचारत होता, काका, भुताला नंबर काय दिलात? मला लाज वाटली, कान तापले, पण बसलो नाही. हसणं थांबल्यावर तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. दुसऱ्या खेपेला कमी हसले. भजनी मंडळातल्या दोघी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

मंगलला कामं परत मिळाली. पहिलं काम त्याच अध्यक्षांच्या नातीच्या वाढदिवसाचं. दोन्ही पराती खोलीतच आहेत, ती दोन्हींत आळीपाळीनं मळते. वहीत मी लिहिलंय — 'पितळी परात, नंबर १४, नग दोन. एक जादा. कारण माहीत नाही.' खाली सही. बावीस वर्षांत असली नोंद केली असती तर फीत उतरली असती माझी.

खिडकीची जाळी तपासली, छप्पर तपासलं, कुलूप बदललं. कुंडलला जाऊन आलो. ते लोक बुंदीची तीच हकिगत सांगतात. ज्यांना काही सुचतंय त्यांनी खाली जरूर लिहा, मी प्रत्येक शंका तपासून बघेन.

शेवटी एकदा मंगललाच विचारलं. वाढदिवसाच्या दिवशीच, सकाळी. ती भाकऱ्यांचं पीठ मळत होती, मी तांब्यानं पाणी घालत होतो. म्हणालो, "मंगल, तुला काय वाटतं? कुठनं आली आसंल गं ही परात?"

ती मळत राहिली. वर न बघता म्हणाली, "परात कुठनं का येईना, आप्पा. मला त्येचं काय न्हाई. मी बारा वर्सं हितं राबतीया, तुमच्या घरचं आजारपण मी काढलंय, तुमच्या पोरीच्या लग्नाच्या भाकऱ्या मी भाजल्यात. ते सगळं ठावं असून तुमच्या तोंडातनं ते कसं काय आलं? तेवढं मला सांगा."

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. ती म्हणाली, "पाणी घाला," आणि मी घातलं.